बाबुनोबा कोण होता?

परभणीत बाबुनोबा नावाचं कुणी नाही. मी अण्णांना विचारलं, आईला विचारलं, सेलूला मामाकडं फोन लावून विचारलं, सगळे हसले. ज्ञानोबा आहेत, गेनबा आहेत, बाबू तर गल्लोगल्ली आहेत, पण बाबुनोबा? अण्णा म्हणाले, "तुझं मशीन खुळं झालंय." आणि तरी माझ्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत स्पष्ट दिसत होतं, बाबुनोबा, गाव झरी.

आता मुळापासून सांगतो. आमचं परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान. आजोबांनी सुरू केलं, अण्णांनी चालवलं, मी पुण्याला पळालो त्यामुळं आता अर्धं शटर बंदच असतं. १९९५ साली अण्णांनी दुकानात कॉम्प्युटर घेतला, तेव्हा मोंढ्यात लोक बघायला यायचे. कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका सरांनी पट्टीचा प्रोग्राम लिहून दिला. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा माल विकला की त्याला देतो तो हिशोबाचा कागद, किती कट्टे, किती क्विंटल, काय भाव, हमाली-तोलाई किती कापली आणि हातात काय पडलं. सहा-सात वर्षं हे चाललं, मग मशीन बसलं, सर हैदराबादला गेले ते गेलेच, मुनीमकाका परत लाल वहीवर आले. आणि त्या काळातल्या वह्या? वाळवीनं खाल्ल्या. माळ्यावर गठ्ठा उचलायला गेलो तर वरची पानं शाबूत आणि आत नुसती माती.

उरल्या तीन फ्लॉप्या. दोघींवर बुरशी, तिसरी यूएसबीच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातल्यावर अर्धा तास करकर करत शेवटी वाचली गेली. त्यात एकच कामाची फाइल, पट्टी डॉट डॅट, २,८४,९२२ बाइट. प्रोग्राम नाही, सोर्स कोड नाही, कुठं एक ओळ लिहिलेली नाही की आत काय कसं ठेवलंय.

हा उद्योग कशासाठी तर अण्णांच्या डोक्यात एक गोष्ट अडकलीय. झरीचा एक शेतकरी होता, दरवर्षी आमच्याकडंच माल घालायचा, १९९७ नंतर एकदम यायचा बंद झाला, पुढं कळलं की वारला. अण्णा म्हणतात त्याचे पैसे आपल्याकडं राहिलेत. मग पुढच्याच क्षणी म्हणतात, का त्यानंच उचल नेली होती पोरीच्या लग्नाला, आठवत नाही. आणि आता त्याचा मुलगा बियाणं घ्यायला शेजारच्या दुकानात आलेला त्यांना दिसला, झालं, तेव्हापासून झोप नाही. मला दिवाळीला घरी आल्या आल्या फ्लॉप्या हातात. "त्यात सगळं आहे," म्हणे.

सगळं होतंच. पण कसं होतं ते ऐका.

टेक्स्ट फाइल असली की बरं असतं, स्वल्पविराम दिसतात, ओळी दिसतात, माणूस अंदाज बांधतो. बायनरी फाइल म्हणजे नुसती बाइटची रांग, शून्य ते दोनशे पंचावन्न, त्यात नाव कुठं संपतं आणि वजन कुठं सुरू होतं याची खूण म्हणून काही नसते. मोंढ्यात ओट्यावर सगळ्यांचा माल एकाच ढिगात ओतला आणि वरून म्हणाले आता वेगळा कर, तसं. फरक एवढाच की इथं ढीग ठरलेल्या मापानं ओतलेला असतो, प्रत्येक रेकॉर्ड सारख्याच लांबीचं, फक्त ते माप तुम्हाला माहीत पाहिजे.

माप काढायचं कसं? फाइलच्या आकाराला पूर्ण भाग गेला पाहिजे. २,८४,९२२ ला चाळीस ते दीडशेच्या मधे भाग जाणारे आकडे दोनच, ६६ आणि ९९. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट उघडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एका नावापासून पुढच्या नावापर्यंत बाइट मोजले, ६६. म्हणजे ४,३१७ पट्ट्या. हे एवढं कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकटाच चिवडा खाल्ला.

आणि बाबुनोबाचा उलगडा तिथंच झाला. प्रत्येक नावाच्या आधी एक छोटा आकडा होता, कुठं ८, कुठं ११, आणि या बाबुनोबाच्या आधी ४. चार! म्हणजे नाव चारच अक्षरांचं, बी-ए-बी-यू, बाबू. पुढचं नोबा काय मग? ही टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेची पद्धत. सी भाषेत नाव संपलं की शून्य टाकतात, पास्कलमध्ये नावाच्या आधी लांबी लिहितात आणि मागची जागा पुसत नाहीत. बाबूच्या आधी काउंटरला जो उभा होता तो ज्ञानोबा, इंग्रजीत आठ अक्षरं, त्याच्या पहिल्या चार अक्षरांवर बाबू लिहिला गेला आणि मागं नोबा तसाच राहिला. कळल्यावर मी उगाच पुढची पन्नास-साठ रेकॉर्डं नुसती शेपट्या वाचत बसलो. प्रत्येक नावामागं त्याच्या आधीच्याचं काहीतरी उरलेलं, कुणाचं राव, कुणाचं बाई, गाव म्हणून टाइप केलेलं पेडगाव आणि त्यातून डोकावणारं आधीचं काहीतरी. रांगेत कोण कुणाच्या मागं उभं होतं ते वाळवीच्या वह्यांतही नव्हतं.

पास्कल आहे हे कळल्यावर बाकीचं सोपं जाईल असं वाटलं. नाही गेलं.

पहिले दोन बाइट पावती नंबर, हे लगेच कळलं, एकानं वाढत जातो. फक्त उलटा लिहिलेला, लहान बाइट आधी, मोठा नंतर. इंटेलची मशीनं असंच लिहितात. लोकांना हे विचित्र वाटतं, मला कधीच वाटलं नाही, कारण आपण मराठीत हेच करतो की. पंचवीस म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. त्रेचाळीस, तीन आधी. फक्त शंभरच्या वर गेलो की आपली गाडी फिरते, एकशे पंचवीस म्हणताना शंभर आधी, मग पाच, मग वीस. असलं कडबोळं कोणत्या प्रोसेसरनं केलं असतं तर आपण त्याला शिव्या घातल्या असत्या.

मग चार बाइट तारखेचे असणार असं वाटलं. मी पुण्यातल्या सवयीनं ते १९७० पासूनचे सेकंद म्हणून वाचले आणि चक्क बरोबर आल्यासारखं वाटलं, नोव्हेंबर १९८८. महिना सुगीचा, दिवस कामकाजाचे, सगळं छान. फक्त १९८८ साली आमच्या दुकानात कॉम्प्युटर सोडा, धड पंखा नव्हता. चुकीचं वाचलेलं असं पटण्यासारखं निघतं ना, तेव्हाच खरी फजिती होते, कचरा आला असता तर लगेच कळलं असतं.

खरी भानगड अशी की ती डॉसची, म्हणजे त्या काळच्या कॉम्प्युटरवरच्या सिस्टीमची, थोड्या जागेत बांधलेली तारीख होती. चारपैकी पहिले दोन बाइट कायम शून्य, ते वेळेचे, सरांनी वेळ भरलीच नव्हती. पुढचे दोन, झरीवाल्याच्या शेवटच्या पट्टीत, ११० आणि ३५. ३५ ला २५६ नं गुणून ११० मिळवले की ९०७०. याला ५१२ नं भागलं, १७ आले, उरले ३६६. ते ३२ नं भागले, ११ आले, उरले १४. डॉसचं साल १९८० पासून मोजायचं, त्यात १७ मिळवले. १४ नोव्हेंबर १९९७. अण्णा शेजारी बसून हे बघत होते, म्हणाले, "अरे हे तर फसलीसारखं." आमच्याकडं आजोबांचे निजामाच्या काळातले जमिनीचे कागद आहेत, उर्दूतले, त्यावर साल १३५७ फसली. त्यात ५९० मिळवले की १९४७ येतं, म्हणजे पोलिस ॲक्शनच्या आधीच्या ऑक्टोबरात सुरू झालेलं साल. ज्याला ५९० माहीत नाही त्याला तो कागद साडेसहाशे वर्षांपूर्वीचा वाटेल. अण्णांना कॉम्प्युटर येत नाही पण मुद्दा माझ्या आधी कळला.

फाइल वाचायचा प्रोग्राम मी पायथन भाषेत लिहीत होतो, तिनं मला एकदा फसवलं तेही सांगतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. तिच्यातल्या बाइट उलगडणाऱ्या स्ट्रक्ट मॉड्यूलला सगळी फील्डं, म्हणजे रेकॉर्डमधले रकाने, ओळीनं सांगितली आणि लांबी विचारली तर म्हणे ६९. मी तीनदा बेरीज केली, ६६च येत होती. तर सुरुवातीला लेस-दॅनचं चिन्ह दिलं नाही की ते तुमच्या मशीनच्या सोयीनं मधे मोकळे बाइट सोडतं, चार बाइटचा आकडा चारच्या पाढ्यातल्या जागेवरच बसला पाहिजे म्हणून. नंबरनंतर दोन आणि मालाच्या कोडनंतर एक, असे तीन बाइट हवेतून आले. चिन्ह दिलं, ६६. नंतर मी नम्पायवर, पायथनच्याच आकडेमोडीच्या लायब्ररीवर आलो, तिथं डीटाइप म्हणून फील्डांची यादी एकदा लिहायची, नाव काय, प्रकार काय, किती बाइट, आणि फ्रॉमफाइलला द्यायची, एका झटक्यात ४,३१७ रेकॉर्डं टेबलसारखी समोर. नम्पाय आपणहून मोकळी जागा सोडत नाही हे त्याचं चांगलं.

पण वजन? वजनाला सहा बाइट होते. सहा! चारचा दशांश आकडा असतो, आठचा असतो, सहाचा जगात कुणाकडं असतो? नम्पायकडं नाही, स्ट्रक्टकडं नाही. टर्बो पास्कल बोरलँडनं १९८३ साली आणलं आणि दशांश आकड्यांचं आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं ७५४ नंबरचं प्रमाण आलं १९८५ साली, आणि तेव्हा स्वस्त मशीनमध्ये गणिताची वेगळी चिप नसायची, सगळा गुणाकार-भागाकार सॉफ्टवेअरनंच करावा लागायचा, म्हणून त्यांनी स्वतःचा सहा बाइटचा रिअल काढला. पहिला बाइट घाताचा, त्यातून १२९ वजा करायचे, शेवटच्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट (एका बाइटमध्ये असे आठ, प्रत्येक ० किंवा १) अधिक-उणे चिन्हाचा, उरलेले ३९ बिट अपूर्णांकाचे. १३२, ०, ०, ०, ०, ७२ असं असेल तर १३२ वजा १२९ म्हणजे ३, दोनाचा घन ८, आणि ७२ भागिले १२८ अधिक १ म्हणजे १.५६२५. आठ गुणिले तेवढं, साडेबारा क्विंटल. हे हातानं केलं तेव्हा साडेबारा हा आकडा पडद्यावर बघून जो आनंद झाला तो मला पगारवाढीचा झालेला नाही.

इथंही एक ठेच खाल्लीच. ते सहा बाइट मी नम्पायला स्ट्रिंग म्हणून वाचायला सांगितले होते आणि बहुतेक वजनं बरोबर यायची, पण नेमकं ८ क्विंटल, १६ क्विंटल अशी वजनं आली की प्रोग्राम पडायचा. नम्पाय स्ट्रिंगच्या शेवटची शून्यं कापून टाकतं आणि दोनाच्या घातांना अपूर्णांकच नसतो, त्यामुळं पहिला बाइट सोडून पुढं सगळी शून्यंच. कुणाचं तरी आठ क्विंटल असं माझ्या हातून एका बाइटवर आलं होतं. सहा वेगवेगळे लहान आकडे म्हणून वाचलं तेव्हा सरळ झालं.

मालाचा कोड एकच बाइट, १ ते ९. कुठला कोड कुठलं पीक, कुठंही लिहिलेलं नाही. हे मात्र अण्णांनी सोडवलं आणि मी फक्त महिन्यांचा तक्ता काढून दिला. "तीन नंबर कधी येतोय? ऑगस्टच्या शेवटी? म्हणजे मूग. पोळ्याच्या पुढंमागं मूगच येतो." पाच जानेवारी-फेब्रुवारीत, तूर. एक आणि दोन दोन्ही ज्वाऱ्या निघाल्या, एक हिवाळ्याच्या तोंडाला येते ती हायब्रीड आणि दुसरी मार्चातली टाळकी, आणि टाळकीचा भाव कायम वर, त्यावरूनही पटलं. सहावर मी अडलो, फेब्रुवारी-मार्च, कट्टे कमी पण दरवर्षी नेमानं. अण्णा जरा वेळ गप्प बसले. "करडई रे. आता कोण पेरतंय करडई." नऊ नंबर १९९५ मध्ये जवळपास नाहीच, पुढं वाढत वाढत गेला, ते सोयाबीन, आज मोंढ्यात दुसरं काही दिसतच नाही. कापूस का नाही म्हणून मी विचारायला गेलो तर अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की बास, त्या वेळी कापसाची सरकारची एकाधिकार खरेदी होती, तो आडतीवर येईलच कसा.

म्हणजे बघा, ६६ पैकी ६५ बाइट कळले. नंबर दोन, तारीख चार, नाव सव्वीस, गाव सोळा, माल एक, कट्टे दोन, वजन सहा, भाव दोन, येण्यादेण्याची बाकी सहा. शेवटचा एक बाइट राहिला. कुठं ०, कुठं १. सुरुवातीची दोन वर्षं सगळीकडं ०, पुढं मिसळ. पैसे दिले-नाही दिले असेल असं समजून मी सोडून दिला.

आणि झरीवाल्याची बाकी काढली. १३८, ०, ०, ०, ०, १६०. १३८ वजा १२९ म्हणजे ९, दोनाचा नववा घात ५१२. १६० मधून चिन्हाचे १२८ काढले, उरले ३२, त्याला १२८ नं भागून एक मिळवला, सव्वा. ५१२ ची सव्वापट. उणे ६४०.

अण्णा म्हणाले, "उणे म्हणजे कुणाकडून कुणाला?"

आता याला काय उत्तर देणार. बिट सांगतो उणे, बिट हे नाही सांगत की उणे म्हणजे आम्ही देणं लागतो की तो. जमा-नावे कुणाच्या बाजूनं लिहिलं, दुकानाच्या की शेतकऱ्याच्या? मी हुशारी केली, जूनमधल्या अशा नोंदी शोधल्या की ज्यात कट्टे शून्य आहेत. पेरणीच्या तोंडाला कुणी माल आणत नाही, येतो तो उचल न्यायलाच. तेव्हा त्या नोंदींचं चिन्ह ते उचलीचं चिन्ह. १९९६ च्या जूनमध्ये सगळ्या अधिक. वा! १९९८ च्या जूनमध्ये सगळ्या उणे. आणि नोव्हेंबर १९९७ बरोबर दोन्हीच्या मधे.

मुनीमकाका आता नांदेडला मुलाकडं असतात. सकाळच्या गाडीनं गेलो, पूर्णेला गाडी नेहमीप्रमाणं अर्धा तास उभी. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, लॅपटॉप दाखवायचा प्रश्नच नव्हता, मी तोंडानंच विचारलं. काका, पट्टीवर वजा कधी यायचं? ते लगेच हसायला लागले.

"त्या वजानं लई भांडणं लावली बाबा. सरांनी पहिल्यांदा सगळं दुकानाच्या बाजूनं लिहिलं होतं. आपलं येणं ते अधिक, आपलं देणं ते वजा. आता ज्याचे पैसे आपल्याकडं जमा त्याच्याच पट्टीवर वजा छापून यायलं! माणूस म्हणायचा, पैसे माझे तुमच्याकडं अन् वजा मलाच? एक जण तर पट्टी फाडून गेला. मग त्या दिवाळीला, वहीपूजन झालं अन् अण्णांनी सरांना सांगितलं, उलटं करा."

"मग जुन्या बाक्या?"

"त्या आपोआप नाही उलटवल्या. अण्णाच म्हणाले वही बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. माणूस आला की मशीन विचारायचं, बाकी उलटवायची का, हो की नाही. हो म्हटलं की उलटवून खूण करायचं." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पण ती सोयाबीनची गर्दी रे. वही काढून बघायला टाइम कुठं होता. मी एंटर मारत जायचो. एंटर म्हणजे नाही."

सहासष्टावा बाइट.

येताना गाडीत बसायला जागा नव्हती, दारात उभ्यानंच लॅपटॉप उघडायचा मोह झाला पण आवरला. घरी येऊन बघितलं, झरी, १४ नोव्हेंबर १९९७, शेवटचा बाइट ०. उलटवलेली नाही. म्हणजे उणे जुन्या पद्धतीचं. सहाशे चाळीस रुपये आमच्याकडं, त्याचे.

अण्णांनी काही न बोलता कपाटातून पैसे काढले, मोजले, पाकिटात घातले. व्याजाचं मी विचारलं तर म्हणाले ते मी बघतो, तो माझा धंदा आहे. पाकिटावर गाव लिहिलं, आणि पेन हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलं.

"मुनीम एका झरीवाल्यालाच एंटर मारत होता का?"

मी तारीख त्या दिवाळीनंतरची, शेवटचा बाइट ०, बाकीच्या चिन्हाचा बिट १, अशी गाळणी लावली, प्रत्येकाची शेवटची पट्टी धरून. ३१ नावं आली. बाबू, झरी, त्यात होता. शेपटी कापून.

"मोठ्या अक्षरात काढ," अण्णा म्हणाले, "अन् गावाप्रमाणं लाव."